उधारीचं खातं



गेल्या रविवारी मंदिरातून बाहेर पडताना एका ओळखीच्या बाईंनी माझा हात धरून बाजूला नेलं आणि हळूच विचारलं, "वहिनी, भाऊंवर म्हणे औषधाचे प्रयोग चाललेत? तुम्ही कशा काय तयार झालात?" त्यांच्या आवाजात काळजी होती, थोडी कीवही होती. मी तिथल्या तिथे दोन वाक्यांत उत्तर दिलं, पण ते मलाच पटलं नाही. दोन वर्षांपूर्वी मीही हाच प्रश्न घरात आदळआपट करत विचारला होता. म्हणून आज सविस्तर लिहिते.

आमच्या यांचं वय आता ६८. उल्हासनगर दोन नंबरला आमचं कापडाचं छोटं दुकान होतं. तीस वर्षं बदलापूर ते उल्हासनगर लोकलने ये-जा केली. चाळिशीतच साखर आली, मग रक्तदाब. २०१६ मध्ये छातीत दुखलं आणि अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. आम्हाला वाटलं, आता हृदय सांभाळलं की झालं. मूत्रपिंडाकडे कोणाचं लक्षच नव्हतं. ते दुखत नाही ना! पाय सुजायला लागले तेव्हा तपासण्या झाल्या. क्रिएटिनिन १.९, लघवीतून प्रथिनं जात होती, आणि ईजीएफआर म्हणजे मूत्रपिंडाची गाळण्याची ताकद ३६. निरोगी माणसात हा आकडा ९०च्या वर असतो. डॉक्टर म्हणाले, "काका, तुमचं गाळणं निम्म्याहून जास्त फाटलंय."

डायलिसिस म्हणजे काय ते मी जवळून पाहिलंय. माझ्या थोरल्या वन्सं आठवड्यातून तीनदा, चार-चार तास सुईला बांधलेल्या असायच्या. घरी आल्या की भिंतीकडे तोंड करून झोपायच्या. आणि त्या गेल्या त्या मूत्रपिंडाने नाही, हृदयाने. तेव्हा मला ते कोडं वाटलं होतं. नंतर डॉक्टरांनी समजावलं, की मूत्रपिंडाच्या रुग्णांपैकी कितीतरी जण डायलिसिसपर्यंत पोचतच नाहीत, त्याआधीच हृदय दगा देतं. रक्तवाहिन्या दोन्हीकडे त्याच, रक्तदाब तोच, साखर तीच. एक भागीदार बुडाला की दुसऱ्याच्या डोक्यावर कर्ज चढतं, तसंच हे.

या डॉक्टरांनीच एक दिवस सुचवलं, की मूत्रपिंड आणि हृदय दोन्हींसाठी एका नव्या गोळीची चाचणी सुरू आहे, काका त्यात बसतील, विचार करा.

हे लगेच तयार. मी मात्र भडकले. "अहो, तुम्ही काय उंदीर आहात का?" असं म्हणून मी स्वयंपाकघरात गेले आणि कणीक अशी काही मळली, की सूनबाई म्हणाली, "आई, आज पोळ्या लाटाव्याच लागणार नाहीत, आपोआप सपाट होतील."

माझा राग अगदीच बिनबुडाचा नव्हता. त्याआधी आम्ही दुसऱ्या एका ठिकाणी अशाच चाचणीसाठी गेलो होतो. तिथे वीस-बावीस पानांचा इंग्रजी कागद पुढे ठेवला आणि एका मुलीने पेनाने फुली मारून दाखवलं, "इथे, इथे आणि शेवटी सही." मी म्हटलं, घरी नेऊन वाचते. ती म्हणाली, "काकू, सगळे इथेच करतात." मी कॉमर्सची पदवीधर आहे. न वाचता सही करायची नाही हे बी.कॉम.च्या पहिल्या वर्षालाच डोक्यात बसलेलं. आम्ही पिशवी उचलली आणि बाहेर पडलो. तेव्हापासून "चाचणी" हा शब्द माझ्या डोक्यात त्या फुल्यांसकट बसला होता.

मुलगा म्हणाला, "आई, नाही म्हणायचं तर माहिती घेऊन नाही म्हण." मग दुपारची भांडी आवरली की तो मोबाईलवर एकेक पान उघडून द्यायचा आणि मी वहीत टिपणं काढायची.

पहिलं जे वाचलं त्याने भीती वाढलीच. भोपाळच्या वायुपीडितांसाठी बांधलेल्या रुग्णालयात त्याच पीडितांवर औषधांच्या चाचण्या झाल्या होत्या, आणि पुष्कळांना आपण चाचणीत आहोत हे ठाऊकही नव्हतं, असे आरोप झाले होते. इंदूरच्याही अशाच तक्रारी होत्या. तिथल्या स्वास्थ्य अधिकार मंच या संस्थेने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्यानंतर चक्रं फिरली. २०१३ च्या जानेवारीत चाचणीतल्या इजेबद्दल मोफत उपचार आणि भरपाईचे नियम आले, आणि पुढे २०१९ मध्ये सगळे नियम एकत्र करून नवे आले. नव्या औषधाच्या चाचणीत दुर्बल गटातला माणूस असेल, तर त्याला समजावून संमती घेतानाचं चित्रीकरण करणं सक्तीचं झालं. प्रत्येक चाचणीला आचारसमितीची मंजुरी लागते. त्या समितीत किमान सात जण हवेत, त्यांतले निम्मे त्या संस्थेबाहेरचे, एक कायद्याचा जाणकार, एक बाई आणि एक तुमच्या-माझ्यासारखं साधं माणूस. शिवाय १५ जून २००९ पासून प्रत्येक चाचणी भारताच्या सरकारी नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, आधी नोंदवावीच लागते. ती नोंदवही कोणालाही फुकट पाहता येते. आम्हाला सुचवलेली चाचणी मी तिथे शोधली आणि सापडली. कुठल्या शहरात, किती माणसं, काय मोजणार, सगळं लिहिलेलं. व्यापाऱ्याच्या घरातली बाई मी, समोरचा वही दाखवायला तयार आहे म्हटल्यावर माझा अर्धा राग तिथेच उतरला.

मग भरपाईचं सूत्र वाचलं. चाचणीमुळे माणूस दगावला तर वारसांना किती द्यायचं याचं गणित नियमांतच दिलं आहे. पाया ८ लाख रुपये. त्याला वयाचा गुणक, म्हणजे वय कमी तर रक्कम जास्त, आणि ६५ नंतर तो गुणक सगळ्यात खाली, १ वर येतो. मग आजाराच्या जोखमीचा गुणक. निरोगी माणसाला ४, आणि ज्याचे सहा महिनेही धड उरले नाहीत त्याला ०.५. मी जेवणाच्या टेबलावर पाटी-पेन्सिल घेतल्यासारखी आकडेमोड करत बसले होते. हे मागून डोकावले आणि म्हणाले, "म्हणजे जेवढा मी आजारी, तेवढा स्वस्त." आणि हसले. मला हसू आलं नाही. वही मिटली आणि त्या दिवशी पुन्हा उघडली नाही. आयुष्यभर हिशेब केले, पण आपल्या माणसाचा भाव असा काढायची वेळ कधी आली नव्हती.

तरीही आम्ही परळला गेलो. बदलापूरहून सकाळची लोकल, दादरला उतरून पुढे टॅक्सी. रक्त उपाशीपोटी द्यायचं म्हणून डब्यात पोळी आणि दुधीची भाजी. परळ म्हटलं की मला हाफकिनची आठवण होते. प्लेगच्या साथीत, १० जानेवारी १८९७ रोजी, मुंबईत डॉ. हाफकिन यांनी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांपैकी जे स्वतःहून पुढे आले त्यांना टोचली, आणि न टोचलेल्यांशी तुलना केली. आपल्याच मुंबईत, सव्वाशे वर्षांपूर्वी! तुरुंगातल्या माणसाची "मर्जी" ती कितपत मर्जी, हा प्रश्न आज आपण विचारू, आणि विचारायलाच हवा.

परळच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण धीराच्या. कागद मराठीत होता. मराठी कसली, "यादृच्छिकीकरण" वगैरे शब्द वाचून मी म्हटलं, "बाई, यापेक्षा ते इंग्रजी बरं होतं." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "काकू, भिशी लावता ना? कोणाचा नंबर लागणार हे चिठ्ठीवर ठरतं. इथेही तसंच. काकांना खरी गोळी मिळणार की तशीच दिसणारी नुसती गोळी, हे चिठ्ठी ठरवणार. कोणती मिळाली हे त्यांना कळणार नाही, आणि मलाही कळणार नाही."

"तुम्हालाही नाही?"

"नाही. मला कळलं तर मी नकळत खऱ्या गोळीवाल्यांकडे जास्त लक्ष देईन. मग हिशेब खोटा होईल. पण जिवावर बेतलं तर ते पाकीट उघडायची सोय आहे, दिवस असो की रात्र."

मी विचारलं, "म्हणजे खोटी गोळी लागली तर यांचं नुकसान नाही का?" त्यांनी सांगितलं, की नुसती गोळी म्हणजे बिनउपचार नव्हे. रक्तदाबाची, साखरेची, कोलेस्टेरॉलची सगळी औषधं चालूच राहतात, शिवाय या चाचणीत सगळ्यांनाच डापाग्लिफ्लोझिन दिलं जातं. नवी किंवा नुसती गोळी त्याच्यावर जास्तीची.

या डापाग्लिफ्लोझिनची गोष्ट मला त्यांच्याकडूनच कळली, आणि माझं मन तिथे वळलं. तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या घरी ही गोळी असेल. आज देशी कंपन्यांची स्वस्तात मिळते. मुळात ही साखरेची गोळी. हिचं मूळ शोधत गेलं तर १८३५ मध्ये सफरचंदाच्या झाडाच्या मुळाच्या सालीतून काढलेल्या एका द्रव्यापर्यंत जातं. (हे ऐकून मी म्हटलं, घ्या, जन्मभर कंदमूळ टाळलं आणि शेवटी मुळाशीच आलो!) ती मूत्रपिंडाला वाचवते का, हे पाहायला मोठी चाचणी झाली. २१ देशांतली ४,३०४ माणसं, त्यात भारतातलीही. निम्म्यांना, म्हणजे २,१५२ जणांना खरी गोळी, आणि तेवढ्यांनाच नुसती. साधारण अडीच वर्षांनी हिशेब पाहिला. मूत्रपिंड निम्म्याने ढासळणं, निकामी होणं, किंवा मूत्रपिंडाच्या वा हृदयाच्या कारणाने मृत्यू, असं काहीतरी नुसत्या गोळीच्या बाजूला ३१२ जणांच्या बाबतीत घडलं, खऱ्या गोळीच्या बाजूला १९७ जणांच्या. हिशेबावर लक्ष ठेवायला एक स्वतंत्र समिती असते, आपल्या ऑडिटरसारखी. फरक इतका स्पष्ट होता की २०२० मध्ये त्या समितीने चाचणी मुदतीआधीच थांबवायला सांगितलं.

मी मनात वजाबाकी केली. ११५. एकशे पंधरा घरं. पण माझं मन अडकलं ते दुसऱ्या आकड्यात. त्या ३१२ माणसांना अडीच वर्षं नुसती गोळी मिळाली. त्यांना काय मिळालं? काहीच नाही. पण ती नसती तर १९७ हा आकडा कमी आहे की जास्त, हे कोणाला कळलं असतं? आमचे हे ती गोळी रोज सकाळी घेत होते. औषधाच्या दुकानात पैसे मोजले की हिशेब चुकता झाला असं मी धरून चालले होते. तो तर चुकता झालेलाच नव्हता. या अनोळखी माणसांची उधारी आमच्या नावावर चढलेली होती.

आणखी एक गोष्ट डॉक्टरीणबाईंनी सांगितली. हृदयाच्या औषधांच्या चाचण्यांत मूत्रपिंड खराब असलेल्यांना वर्षानुवर्षं बाहेरच ठेवत आले. गुंतागुंतीची माणसं घेतली की हिशेब किचकट होतो म्हणून. परिणाम असा, की हृदयविकाराने सर्वात जास्त गाठलेल्या या लोकांसाठी कोणतं औषध किती चालतं, हेच नीट माहीत नाही. "यांच्यासारखी माणसं आलीच नाहीत, तर यांच्यासारख्यांसाठी आम्ही अंदाजानेच औषध देत राहू," त्या म्हणाल्या.

आता धर्माचं. हे लिहिल्याशिवाय लेख पुरा होणार नाही, कारण फोनवर मैत्रिणी हेच विचारतात.

माझा पहिला प्रश्न होता, कॅप्सूल आहे की गोळी? बहुतेक कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं असतं, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून होतं. डॉक्टरीणबाईंना ते सांगता आलं, पण गोळीतल्या बाकीच्या घटकांचं मूळ त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी कंपनीला लिहून विचारलं. सतरा दिवसांनी उत्तर आलं, की गोळीच आहे, कॅप्सूल नाही, आणि तिला बांधणारे घटक वनस्पतीपासूनचे आहेत. त्या सतरा दिवसांत आम्ही सही केली नाही, आणि कोणी घाईही केली नाही. दुसरा प्रश्न, दिवसातून कितीदा? आमच्याकडे सूर्यास्तानंतर पाणीही नाही. सकाळी एकदाच. तेही मिटलं.

तिसरा प्रश्न मात्र मिटला नाही. माणसाला देण्याआधी नवं औषध जनावरांवर तपासतात. कृत, कारित आणि अनुमोदन, म्हणजे स्वतः केलं, करवून घेतलं किंवा मान डोलावली, तिन्हींत दोष आहे हे लहानपणापासून ऐकलेलं. मग मी कशाला मान डोलावतेय? मी दोन रात्री नीट झोपले नाही. मग मला २०१६ आठवलं. अँजिओप्लास्टीच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात, आणि ते डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून काढतात. तेव्हा आम्ही विचारलंही नव्हतं. डायलिसिसच्या यंत्रात रक्त फिरतं तेव्हाही सहसा तेच हेपॅरिन लागतं, आठवड्यातून तीनदा. म्हणजे मी आज हात झटकले, तर ज्या दारात मला जायचं नाही त्याच दारात आम्ही लवकर पोचू. माझे हात कोरे राहतील असा रस्ताच नव्हता. गृहस्थाची आरंभी हिंसा चुलीपाशीही सुटत नाही, आणि म्हणूनच ती कमी करत राहायची. एवढं समाधान मात्र आहे, की २०२३ मध्ये भारताच्या नियमांत बदल झाला आणि प्राण्यांऐवजी मानवी पेशींवर किंवा प्रयोगशाळेत घडवलेल्या सूक्ष्म अवयवांवर केलेल्या तपासण्यांनाही मान्यता मिळाली. हा रस्ता रुंद व्हावा असं मनापासून वाटतं.

यांनी माझ्यापेक्षा सोपं उत्तर शोधलं. दशलक्षण पर्वात उत्तम त्यागाच्या दिवशी प्रवचनात चार दानं सांगतात, आहार, औषध, शास्त्र आणि अभय. हे म्हणाले, "आहारदान आपण देतो, शास्त्रदानही यथाशक्ती. औषधदान म्हणजे आपण दवाखान्याला पावती फाडून देतो तेवढंच का? औषध आहे की नाही हेच ज्यातून ठरतं, ते देणं औषधदान नाही का?" मी म्हटलं, "दान द्यायचं तर आपल्या मालकीचं द्यावं." ते म्हणाले, "मग हे शरीर कोणाच्या मालकीचं?" यावर मी काय बोलणार? सही झाली. साक्षीला मी.

आता माझी चूक सांगते, कारण ती लपवून हा लेख लिहिणं बरोबर नाही.

सातव्या महिन्यात एका रात्री साडेनऊला फोन आला. सकाळी दिलेल्या रक्तात पोटॅशियम ६.१ आलं होतं. चाचणीची गोळी थांबवा आणि जवळच्या रुग्णालयात लगेच हृदयाचा आलेख काढा, असं सांगितलं. पोटॅशियम फार वाढलं तर हृदय ठोका चुकतं, थांबूही शकतं. रिक्षात मी णमोकार म्हणत होते आणि हे माझ्या हातावर थोपटत होते, जणू मीच आजारी. आलेख ठीक निघाला, औषध दिलं, सकाळपर्यंत आकडा खाली आला. सगळा खर्च चाचणीकडून झाला.

फोनवर विचारलं होतं, "आहारात काही बदल केला का?" मी ठामपणे नाही म्हटलं. घरी येऊन सकाळी चहाला आधण ठेवताना ओट्यावरच्या बरणीकडे लक्ष गेलं. महिन्यापूर्वी कोणीतरी सांगितलं म्हणून हृदयाला चांगलं असं "कमी सोडियमचं" मीठ आणलं होतं. पाकीट शोधून वाचलं. सोडियम कमी करून त्याच्या जागी पोटॅशियम क्लोराईड. मी हौसेने रोज आमटीत तेच घालत होते.

यात गंमत अशी, की हे मीठ वाईट नाही. चीनमधल्या ६०० गावांत सुमारे २१ हजार लोकांवर त्याची चाचणी झाली. २०२१ मध्ये निकाल आला, आणि साध्या मिठाऐवजी हे वापरणाऱ्यांत पक्षाघात कमी झाले. पण गंभीर मूत्रपिंडविकार असलेल्यांना त्या चाचणीत घेतलंच नव्हतं, कारण त्यांचं मूत्रपिंड जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकू शकत नाही. जे शेजारच्या भाऊंना औषध, तेच आमच्या यांना विष.

मी दोन तास गप्प बसले. सांगावं की नाही? मी हयगय केली असं दिसेल. सांगितलं नाही तर दोष गोळीवर जाईल, यांची गोळी कायमची बंद होईल, आणि हजारो माणसांच्या खतावणीत एक खोटी नोंद माझ्या हातून पडेल. आयुष्यभर दुकानाच्या वह्या लिहिल्या. खोटी नोंद कधी केली नाही. फोन उचलला आणि सांगून टाकलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "काकू, लोक सांगत नाहीत हीच आमची अडचण आहे. चूर्णं, काढे, उपास सगळं लपवतात." पोटॅशियम ४.८ वर आल्यावर गोळी पुन्हा सुरू झाली. ती बरणी मी शेजारणीला दिली, आधी तिची मूत्रपिंडाची तपासणी झाली आहे ना ते विचारून.

उपासाचं एक मुद्दाम सांगते, पर्युषण जवळ येतंय म्हणून. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या लघवीतून साखर बाहेर टाकतात. पोटात अन्न नसताना त्या चालू ठेवल्या, तर शरीर चरबी जाळतं आणि रक्तात आम्ल साचू शकतं. घातक म्हणजे अशा वेळी साखरेच्या यंत्रावर आकडा फारसा वाढलेला दिसतच नाही. मळमळ, धाप, गळून जाणं, हे उपासाचं म्हणून आपण सोडून देतो. आमच्या यांना अनंत चतुर्दशीचा निर्जळी उपवास करायचा होता. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट नाही म्हटलं. शेवटी एकासन ठरलं, पाणी मोकळं, आणि ती गोळी कधी थांबवायची व कधी सुरू करायची ते त्यांनी कागदावर लिहून दिलं. तुमच्या घरी ही गोळी असेल, तर पर्वाआधी आपल्या डॉक्टरांना विचारा. तप करताना अडचण लपवू नये.

कोणी विचारलं तर मी आता "जा" म्हणत नाही आणि "जाऊ नका"ही म्हणत नाही. एवढंच सांगते, की कागद आपल्या भाषेत मागा आणि घरी नेऊन वाचा. सरकारी नोंदवहीत चाचणी आहे का पाहा. इजा झाली तर खर्च कोणाचा, रात्री फोन कोणाला करायचा, चाचणी संपल्यावर गोळीचं काय, हे विचारा. मध्येच सोडता येतं का विचारा. येतं, कधीही, कारण न देता, आणि त्यामुळे नेहमीचे उपचार बंद होत नाहीत. जो घाई करेल त्याच्याकडून उठून या.

यांचा ईजीएफआर आता ३४ आहे. दोन वर्षांत दोनने उतरला. गोळीमुळे उतार मंद झाला, की तो तसाच मंद होता? गोळी खरी की नुसती? आम्हाला माहीत नाही, आणि चाचणी संपेपर्यंत कळणार नाही. आधी मी रोज सकाळी ती गोळी निरखून पाहायची, जणू तिच्यावर कुठे बारीक अक्षरात लिहिलेलं असेल. आता पाहत नाही. गाळलेल्या पाण्याचा पेला ठेवते, हे गोळी घेतात, मी वहीत तारीख आणि वेळ लिहिते.

येत्या मंगळवारी पुन्हा परळ. सकाळची लोकल, डब्यात पोळी आणि दुधी. मीठ बेताचं, आणि साधंच.

जय जिनेंद्र.